हायपो म्हणजे खाली

आयुष्यभर मिरवायला माणसाला एक शब्द पुरतो, हे मला बदनापूरला कळलं. आमच्या सरांना तर अख्खा शब्दही लागला नाही. शब्दाच्या पुढे चिकटणारा एक तुकडा, एक उपसर्ग, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं विद्वान म्हणून काढली. उपसर्ग होता 'हायपो'. मूळ ग्रीक. अर्थ 'खाली'.

अठ्ठ्याऐंशी साली मी मंठ्याहून बदनापूरच्या एका शाळेत गणित शिकवायला आले, तेव्हा हे सर तिथे इंग्रजी शिकवत होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं आणि माडीवरची एक खोली रिकामी होती. एकट्या मुलीला खोली कोण देणार, म्हणून हेडमास्तरांनीच त्यांना गळ घातली. अशा रीतीने ते माझे सहकारी झाले आणि घरमालकही. शाळेत त्यांच्या तावडीतून सुटले तर जिन्यात सापडायचे. चार वर्षं मी त्या 'खाली'च्या वर राहिले.

गाव त्यांना 'हायपो सर' म्हणायचं. पोरं पाठीमागे म्हणायची, पोरांचे आईबाप तोंडावर. "हायपो सर, वांगी ताजी हायेत बघा," असं भाजीवाली ओरडायची आणि सर मान थोडी झुकवून तो सन्मान स्वीकारायचे. यात काही चेष्टा असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही.

एवढ्या एका उपसर्गावरच गाडी का अडली, हे कोडं पहिल्याच महिन्यात सुटलं. शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्याचे म्हणे अकरा खंड. सरांकडे त्यातला एक होता, तरुणपणी हैदराबादच्या फुटपाथवर मिळालेला. 'एच'पासून 'के'पर्यंत. सरांची विद्वत्ता 'एच'ला सुरू व्हायची आणि 'के'ला संपायची. एकदा मी मुद्दाम 'टेलिफोन'चं मूळ विचारलं. ते म्हणाले, "ते वरवरचं आहे. तुम्ही खोलात जा."

कुणी काहीही विचारलं तरी उत्तराआधी त्यांच्या उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि "मुळात" हा शब्द यायचा. मग युरोपची सहल सुरू.

"मुळात ग्रीक. पण प्रत्येक देशाने आपापली खोड केली. फ्रेंच माणूस 'ह' गिळतो, तो म्हणतो 'इपो'. इटालियन लिहितानासुद्धा 'ह' टाकून देतो. स्पॅनिश माणूस लिहितो, पण बोलत नाही. आणि जर्मन?" इथे ओठांचा चंबू व्हायचा. "ह्यूपो!"

हा चंबू त्यांनी कुणा जर्मन माणसाच्या तोंडावर पाहिलेला नव्हता. कोशाच्या सुरुवातीला उच्चारांचं कोष्टक होतं, त्यावरून त्यांनी तो आरशासमोर बसवला होता. मी स्वतः पाहिलंय, दाढी करताना.

"आणि गंमत बघा. स्पॅनिशमध्ये नुसतं 'इपो' म्हणजे उचकी! घोड्याचा जो हिप्पो, तो ग्रीकमध्ये वेगळा. पण स्पेनमध्ये तोही ह्याच अक्षरांनी लिहितात. म्हणजे घोडा आणि खाली, दोन्ही एकच!"

हे ते एस.टी.ची वाट बघणाऱ्या एका शेतकऱ्याला सांगत होते. त्या बिचाऱ्याने दोन्ही हात पिशवीवर ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सर, घोड्याच्या खाली सापडलेल्या माणसाला तिकडं काय म्हणतेत?" बाकड्यावरची माणसं हसली. सर हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी खरोखरच कोश उघडला.

माझ्या वर्गातही ते घुसले होते. मी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसचा सिद्धांत शिकवत होते. सर व्हरांड्यातून चालले होते, ते थबकले आणि सरळ आत आले. "बाई, क्षमा करा. हायपोटेन्यूज म्हणजे मुळात 'खालून ताणलेली'. तुमचा कर्ण तिरपा का?" त्यांनी माझा त्रिकोण पुसला आणि कर्ण खाली येईल असा काढला. पुढचा सगळा तास ते बोलत राहिले. मी खिडकीपाशी उभी. परीक्षेत निम्म्या पोरांनी सिद्धता लिहिलीच नाही. 'कर्ण खालून ताणलेला असतो' एवढंच लिहिलं. एकाने शेवटी 'इटलीत ह टाकून देतात' हेही जोडलं. मला सरांचाही राग आला आणि त्या पोराचाही, पण पोराला मी अर्धा मार्क दिला.

त्यांचा आणखी एक आवडता शब्द होता 'हिपोक्रिट', ढोंगी. "मुळात याचा अर्थ नट. रंगमंचावरचा. वाईट अर्थ नंतर चिकटला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू जगातल्या सगळ्या ढोंग्यांना त्यांनी आत्ताच माफ करून टाकलंय. साऱ्या युरोपची मुळं खणणारा हा माणूस स्वतःचे वडील घनसावंगीकडे मेंढरं राखायचे, हे मात्र चुकूनही सांगत नसे. मला ते काकूंनी सांगितलं.

काकू म्हणजे सरांची पत्नी. पन्नाशीच्या, उंच, हाडाने मोठ्या. त्यांचंही माहेर घनसावंगीकडचं, मेंढपाळाचंच. आता भावाने शेती धरली होती. मूलबाळ नव्हतं. काकू बोलायच्या कमी. सकाळी माझ्या दाराशी भाकरी झाकून ठेवायच्या आणि मी "कशाला हो काकू" म्हणेपर्यंत जिना उतरलेल्या असायच्या.

मी राहायला गेले त्याच वर्षी काकूंना तहान लागायला लागली. साधी नव्हे. तांबेच्या तांबे रिकामे व्हायचे. "पोरी, लई कोरड पडून राह्यली बघ घशाला. पायातलं बळच गेलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सरांना सांगा, दवाखान्यात जाऊ. त्यांनी सांगितलं. सरांचं बोट वर गेलं.

"हायपोकॉन्ड्रिया," सर म्हणाले. "मुळात बरगड्यांच्या कूर्चेच्या खालचा भाग. जुने वैद्य मानत, उगाच आजारी वाटण्याचा विकार तिथे राहतो. काही झालेलं नसतं, माणसाला वाटतं."

"मला बरगडीत न्हाई दुखत," काकू म्हणाल्या.

"तेच तर!" सर म्हणाले.

त्या शब्दावर काकूंचं एक वर्ष गेलं. अंगावरचं मांस उतरलं, पोलकी सैल झाली, पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरेना. शेवटी एका शनिवारी मी सरांना न विचारता त्यांना जालन्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि माझ्यावरच ओरडले, "इतके दिवस काय करत होतात?" साखर इतकी वाढली होती की गोळ्यांवर भागणार नव्हतं. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन ठरलं.

सरांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना आनंद झाला. इंजेक्शनच्या सुईला 'हायपोडर्मिक' म्हणतात, त्वचेच्या खाली जाणारी! दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शन देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. काचेची पिचकारी उकळायची, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायची, आणि बरोबर सातला टोचायचं. घरी कुणी पाहुणा असला तर त्याच्यादेखत. काकूंचा दंड हे सरांसाठी एक चांगलं उदाहरण होतं.

काकू चोरून गोड खातील म्हणून त्यांनी साखरेचा डबा आणि गूळ पुस्तकांच्या कपाटात कुलूपबंद केला. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. चहाला साखर लागली की काकू वाटी घेऊन उभ्या राहायच्या आणि सर चमच्याने मोजून द्यायचे. स्वतःच्या घरात असं वाटी धरून उभं राहताना त्या बाईला काय वाटत असेल, याचा विचार मी वर जाऊन एकटी करायची. खाली तोंडावर कधी काही बोलले नाही. घरमालक होते, वरिष्ठ होते. ही माझी सबब.

त्या रविवारी संकष्टी होती, थंडीचे दिवस. शिक्षण खात्याचे एक विस्तार अधिकारी सरांकडे येणार होते. सरांनी आपल्या उपसर्गावर एक पुस्तिका लिहिली होती आणि ती शाळांच्या वाचनालयांत जावी म्हणून साहेबांची शिफारस हवी होती. साहेबांसमोर घरातली माणसं शिकलेली दिसावीत म्हणून मलाही खाली बोलावलं होतं.

काकूंना संकष्टीचा कडक उपास असायचा, चंद्र दिसेपर्यंत पाणी आणि काळा चहा, तोही बिनसाखरेचा. सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "आज पोटात काय जाणार न्हाई. सुई थोडी कमी घ्यावी का?" मी जिन्यात होते, मी ऐकलं. सर म्हणाले, "डॉक्टरांनी आकडा लिहून दिलाय. संकष्टी लिहिलेली नाही." आणि रोजच्याइतकं टोचलं.

साहेब अकराला आले. सरांनी दोन कप चहाची साखर मोजून दिली, कपाट लावलं, आणि फ्रान्सपासून सुरुवात केली. साहेब जाडसर, भला माणूस. मांडीवर फाइल, मधूनमधून "बराबर, बराबर" म्हणत होता.

काकू ट्रे घेऊन आल्या. त्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एक कप सरांपुढे ठेवला, दुसरा साहेबांच्या फाइलीवर ठेवला, जणू तो पाट आहे. मग साहेबांकडे बघून एकदम लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, मेंढरं आली का?"

"काय म्हणता ताई?" साहेब गोंधळले.

काकूंचे ओठ थरथरत होते. त्या भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली घसरल्या.

मी उठेपर्यंत सर उठले होते. क्षणभर मला वाटलं, चला, माणूस धावला. त्यांचं बोट वर होतं.

"साहेब, बघा! प्रत्यक्ष बघा. हायपोग्लायसेमिया! रक्तातली साखर खाली गेली. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. सगळी लक्षणं."

निदान बिलकुल बरोबर होतं. त्यांच्या आयुष्यातलं एकमेव बरोबर निदान असेल.

"सर, किल्ली द्या!" मी ओरडले.

"देतो, देतो. मुळात तीन तुकडे आहेत यात. हायपो, खाली. ग्लुकुस, गोड. हाइमा, रक्त. इटालियन लोक यातला 'ह'..."

खिशाकडे त्यांचा हात गेला होता, पण तो हात बोलण्याच्या चालीवर हलत होता. किल्ली निघत नव्हती. मी साहेबांच्या फाइलीवरचा कप उचलला, बशीत ओतला, काकूंचं डोकं मांडीवर घेतलं आणि बशी त्यांच्या तोंडाला लावली. पहिला घोट गालावरून गेला. दुसरा गिळला. साहेब खाली बसले आणि त्यांनी काकूंची मान सावरली. मागून स्पेन चालू होतं.

"मास्तर, गप बसा ना हो!" साहेब एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची दोन माणसं दारात आली. "तो दुसरा कप द्या इकडं. जल्दी!"

सरांनी स्वतःचा कप दिला. उष्टा होता.

दहाएक मिनिटांनी काकूंचे डोळे जागेवर आले. पदर सावरला, सभोवार पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "साहेबांना चहा दिला का न्हाई कुणी?"

साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि फाइल घेऊन निघून गेले. पुस्तिका टेबलावरच राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सरांना फक्त मूर्ख म्हटलं असतं. पण सोमवारी स्टाफरूममध्ये सरांनी गोष्ट सांगितली, ती अशी: पत्नी कोसळली, कुणालाच कळेना काय झालं, आणि ग्रीक भाषेच्या ज्ञानामुळे सरांनी क्षणात निदान केलं. चहा कुणी पाजला हे गोष्टीत नव्हतं. हेडमास्तर भारावले. बुधवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी सरांना शाल आणि नारळ दिला. "ज्ञान जीव वाचवतं, मुलांनो," वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि मी ते बघत होते.

नारळ घेऊन सर घरी आले. मी मागोमागच होते.

"ह्यो कशाचा?" काकूंनी विचारलं.

सरांनी सांगितलं. सगळं, शालीसकट. काकूंनी नारळ हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि चुलीपाशी ठेवून दिला.

संध्याकाळी त्या माडीवर आल्या. पदराखाली पिचकारीचा डबा होता.

"पोरी, मला ह्या खुणा वाचाया शिकव. किती भरायचं, कवा कमी करायचं, समदं. ह्यायला सांगू नगंस."

आठ दिवस आम्ही शिकलो. काकूंना अक्षरं येत नव्हती, पण मेंढरं मोजलेल्या बाईला आकड्यांचं काय अवघड? चौथ्या दिवशी त्या पाणी भरून माझ्या उशीला टोचत होत्या. उपाशी असलं तर काय करायचं ते मी जालन्याच्या डॉक्टरांना विचारून आले आणि त्यांना तोंडपाठ करवलं. खडीसाखरेची पुडी कमरेला बांधायला सांगितली. नवव्या दिवशी सर शाळेत असताना काकू पिचकारीचा डबा घेऊन बसमध्ये बसल्या आणि घनसावंगीला भावाकडे गेल्या.

"हवापालट," सर सगळ्यांना सांगत. दोन महिने सांगितलं. घरात स्वयंपाक होईना, तेव्हा एका रविवारी माझ्या दारात उभे राहिले. "बाई, तुम्ही सोबत चला. तुमचं ती ऐकते."

मी गेले. त्यांना मदत करायला नाही. मला बघायचं होतं.

जालन्याहून अंबड, अंबडहून घनसावंगीपर्यंत जीप. जीपमध्ये चौदा माणसं. त्यातल्या तेरा जणांना अंबडपासून घनसावंगीपर्यंत युरोप ऐकावा लागला. उतरताना ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "ताई, ह्यांना दवाखान्यात घेऊन चालल्या का?"

भावाचं घर मळ्यात होतं. काकू अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या. अंग भरलं होतं, अंगठ्याला पट्टी नव्हती. सरांना बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पण उठल्या नाहीत. भावाने बाज टाकली. सर बसले आणि बोलायला लागले. पत्नीचं कर्तव्य, लोक काय म्हणतात, तब्येतीला शहराजवळ राहणं कसं बरं. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. काकूंचे हात चालू होते.

मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला काय झाल्तं, सांगा बरं."

सरांचं बोट लगेच वर. "हायपोग्लायसेमिया. मुळात..."

"ते नाव झालं. मला काय झाल्तं?"

सरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"तुमाला ठाव न्हाई. तुम्ही इचारलंच न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी सांगते. आधी पाय गेले. हायेत का न्हाईत तेच कळंना. मंग समदं पांढरं दिसाया लागलं, चुन्यावानी. त्यातून माझा बाप येताना दिसला, मेंढरं घेऊन. मरून चाळीस वर्सं झाली त्याला. मला वाटलं, मी मरून राह्यले. आन् तवा तुमचा आवाज येत व्हता. कुण्या देशात काय म्हणतेत, कुण्या देशात काय. मला वाटलं, देवा, मरताना बी हेच ऐकायचं का मला?"

आत भावजय तवा उतरवत होती, तिचा हात थांबला. सरांचं बोट अजून हवेतच होतं. ते त्यांनी हळूहळू खाली आणलं आणि मांडीवर ठेवलं. मग भावाकडे पाणी मागितलं.

काकू आल्या नाहीत. आम्ही दोघंच परतलो. जीपमध्ये सर गप्प. जालन्याच्या बसस्टँडवर ते म्हणाले, "इतकं बोलते ही? तीस वर्षांत कधी बोलली नाही."

"तुम्ही थांबलात कधी, सर?" मी म्हटलं.

त्यांच्याशी बोललेलं माझं हे एकच वाक्य मला धड वाटतं. त्याला उशीर झाला होता, हेही खरं.

यानंतर ते सुधारले असं मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात व्हरांड्यातून जर्मनीचा चंबू ऐकू आला. ब्याण्णव साली माझं लग्न झालं, मी जालन्याच्या शाळेत गेले आणि सरांपासून सुटले. ते निवृत्त झाल्याचं कळलं, तेव्हा निरोपाच्या समारंभाला गेले नाही. बोलावलं होतं.

दोन हजार एक साली एका लग्नासाठी घनसावंगीला जाणं झालं. वेळ काढून काकूंकडे गेले. केस पांढरे झाले होते, पण नजर शाबूत होती. भावाच्या घरी फ्रिज आला होता, बाटली त्यात. सुई स्वतःच घेत होत्या, दहा वर्षं, एक दिवस न चुकता. गल्लीतल्या आणखी दोन बायकांना त्याच टोचून देत होत्या. संकष्टी सोडून दिली होती.

निघताना मी सहज विचारलं, "सरांची काही खबर?"

"येतेत की. महिन्यातून दोन येळा, जीपनं. सकाळी येतेत, दुपारी जातेत."

"अजून न्यायला येतात?"

"न्हाई, ते सोडलं त्यायनं. नुसते येऊन बाजेवर बसतेत. मंग मी बोलते. पाऊस, कापूस, भावाची सून, मनात येईल ते."

मला खरं वाटेना. "आणि सर?"

काकूंनी जरा विचार केला.

"ऐकतेत का झोपतेत, देव जाणे," त्या म्हणाल्या. "पण गप ऱ्हातेत."